खोट चित्रपटात नाही, प्रतीमध्ये आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत साठच्या दशकातल्या युरोपीय गुन्हेपटांवर आणि हेरपटांवर आलेला लेख वाचला. विषयाला हात घातल्याबद्दल आभार. निष्कर्ष मात्र पटला नाही. बाँडची स्वस्तातली नक्कल, ओठ एक बोलतात आणि आवाज भलतेच, रात्रीच्या प्रसंगात लख्ख ऊन, माणसे अर्धी चौकटीबाहेर. तेव्हा चार मित्र जमवून टिंगल करत बघावेत, असे लेखकाचे म्हणणे. पैकी नकलेचा आरोप अर्धाच खरा आहे. बाकीचे तीन दोष बहुतेक वेळा चित्रपटाचे नसतात. ते पाहिलेल्या प्रतीचे असतात, नाहीतर घरच्या टीव्हीचे.

आधी नकलेचे बघू. 'डॉ. नो' हा पहिला बाँडपट १९६२चा. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५९मध्ये, रियाल्टो फिल्म या कंपनीने एडगर वॉलेसच्या इंग्रजी रहस्यकथांवर जर्मन चित्रपट काढायला सुरुवात केली होती. ही मालिका १९७२पर्यंत चालली आणि तिच्यात ३२ चित्रपट निघाले. जर्मन लोक या प्रकाराला 'क्रिमी' म्हणतात. फ्रेंचांचा ओएसएस ११७ हा हेर तर कादंबरीत १९४९मध्येच अवतरला होता. फ्लेमिंगचा बाँड पुस्तकातसुद्धा आला तो १९५३मध्ये. 'गोल्डफिंगर' या बाँडपटाच्या यशानंतर, १९६४पासून पुढे, इटली, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनीतून ०७७, ३एस३ अशा क्रमांकधारी हेरांची रांग लागली, हे मान्य. आपल्याकडे १९६६मध्ये तेलुगूत आणि १९६७मध्ये 'फर्ज'मधून हिंदीत एजंट ११६ आला, तो याच रांगेतला. ११७च्या अगदी शेजारचा नंबर! पण देवघेव दोन्ही बाजूंनी होती. त्यात खलनायक गोल्डफिंगर झालेला गेर्ट फ्रोबे १९६०च्या, डॉक्टर मॅब्यूझ या खलनायकावरच्या जर्मन चित्रपटात पोलीस अधिकारी होता, आणि क्रिमीतली नेहमीची नायिका कारिन डोर १९६७मध्ये बाँडपटात गेली. तो मॅब्यूझपट दिग्दर्शक फ्रित्स लांगचा शेवटचा. त्याच निर्मात्यासाठी लांग त्याच्या जरा आधी उदयपुरात येऊन चित्रीकरण करून गेला होता, हे जाता जाता.

आता रात्रीचे ऊन. उघड्यावरची रात्र दिवसा चित्रित करायची पद्धत तेव्हा सर्रास होती. फ्रेंचमध्ये तिला 'अमेरिकन रात्र' असे नावच आहे. कॅमेऱ्यात उजेड नेहमीपेक्षा कमी घ्यायचा, निळसर छटा ठेवायची, आकाश शक्यतो चौकटीत येऊ द्यायचे नाही. राहिलेला काळोख प्रयोगशाळेत, प्रत छापताना आणखी गडद करून आणायचा. म्हणजे निगेटिव्हवर रात्र अर्धीच असते. पुढे व्हिडिओसाठी उतरवून घेणाऱ्याने चित्रगृहातली प्रत कशी दिसत होती हे न बघता सगळे नेहमीसारखे उजळ करून टाकले की उरलेली अर्धी रात्र जाते. खूण सोपी आहे: नायकाच्या हातात पेटलेला टॉर्च असतो आणि पायाशी उन्हाची रेखीव सावली पडलेली असते. असा प्रसंग आला तर टीव्हीचा ब्राइटनेस तेवढ्यापुरता दोन-चार अंशांनी उतरवावा. त्याने पूर्ण इलाज होत नाही, पण हसू आवरते.

अर्ध्या कापलेल्या माणसांची गोष्ट जास्त मजेची आहे. रोममधल्या टेक्निकलरच्या प्रयोगशाळेने १९६३मध्ये टेक्निस्कोप ही पद्धत आणली. ३५ मिलिमीटर फिल्मवर एरवी एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांची उंची लागते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. नेहमीच्या पद्धतीत मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, इथे ४५. हजार फुटांचा डबा ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटे पुरतो. चित्र छापताना ताणून मोठ्या पडद्याच्या नेहमीच्या प्रतीवर घ्यायचे, म्हणजे चित्रगृहाला काही बदलावे लागत नाही. कच्च्या फिल्मचा खर्च निम्म्यावर आल्यावर इटालियन निर्मात्यांनी त्यावर उडी मारली नसती तरच नवल. शिवाय यात सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीचे बोजड भिंग लागत नाही, साधे चालते, आणि तेवढेच दृश्य कमी नाभीय अंतराच्या भिंगाने घेता येते. त्यामुळे नाकासमोरची वस्तू आणि मागचा माणूस दोन्ही स्पष्ट राहतात. तोटा एकच: निगेटिव्ह निम्मे, म्हणून पडद्यावर दाणा जाड, म्हणजे चित्र जरा खरबरीत.

या पद्धतीचा सगळ्यात हुशार वापर इटलीत नाही, ब्रिटनमध्ये झाला. १९६५चा 'द इप्क्रेस फाइल' घ्या. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, संगीत जॉन बॅरीचे, कलादिग्दर्शन केन अ‍ॅडमचे, संकलन पीटर हंटचे. सगळी मंडळी बाँडपटांतली, आणि त्यांनी काढला बाँडच्या नेमका उलटा हेर. सकाळी गजर होतो, समोरचे सगळे धूसर दिसते, तो चष्मा घालतो आणि खोली स्पष्ट होते. मग उठून स्वतः कॉफीच्या बिया दळतो. दिग्दर्शक सिडनी फ्युरी आणि छायालेखक ओटो हेलर यांनी जवळजवळ प्रत्येक चौकटीत पुढे काहीतरी आडवे आणून ठेवले आहे: दिव्याची शेड, कोणाचा खांदा, दाराची फट. लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवरची मारामारी तर टेलिफोनच्या लाल खोक्याच्या आतून, काचांच्या चौकोनांतून दिसते. आता हेच चित्र जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापले की उंचीच्या २.३५ पट असलेल्या रुंदीतली १.३३ पट उरते, म्हणजे १०० भागांतले ४३ गेले. आडवी आणलेली वस्तू तेवढी राहते आणि माणूस बाहेर जातो. लेखकाला 'कॅमेरामन नवशिका' वाटला तो बहुधा इथे.

म्हणून प्रत हाती आली की आधी श्रेयनामावली नव्हे, मधला एखादा दोघांच्या संभाषणाचा प्रसंग लावून बघावा. श्रेयनामावली पुष्कळदा पूर्ण रुंदीत ठेवतात, कारण नावे कापली तर चोरी लगेच उघडी पडते. संभाषणात एकाचे नाक आणि दुसऱ्याचा कान एवढेच दिसत असेल, किंवा चित्र उगाच डावी-उजवीकडे सरकत असेल, तर ती प्रत बाजूला ठेवावी. उलट दिशेची चूकही होते. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांतले पुष्कळ १.६६ प्रमाणाचे आहेत. आजच्या टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या खुपतात म्हणून झूम केले की टोप्या आणि हनुवट्या उडतात.

आवाजाबद्दल लेखात सर्वांत मोठा गैरसमज आहे. इटालियन चित्रपटांत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरायचा रिवाजच नव्हता. नायक अमेरिकन, नायिका जर्मन, खलनायक स्पॅनिश; जो तो आपापल्या भाषेत बोलून मोकळा. नंतर प्रत्येक देशासाठी वेगळा आवाज चढवायचा. तेव्हा 'मूळ इटालियन' हासुद्धा डबच असतो. इंग्रजी डब रोममध्येच, तिथे राहणारे ठराविक इंग्रजी भाषक करत. म्हणून वेगवेगळ्या चित्रपटांत तोच आवाज ऐकू येतो. कोणती भाषा निवडावी यासाठी एक उपाय सांगतो. नायकाचा चेहरा जवळून दिसेल असा प्रसंग लावा आणि प, ब, म या उच्चारांकडे लक्ष द्या. या तिन्हींना ओठ मिटावेच लागतात. ज्या भाषेत मिटलेले ओठ आणि ऐकू येणारा प-ब-म जास्त वेळा जुळतील, ती भाषा घ्या. क्रिमीच्या बाबतीत हा खटाटोप नको. तिथे नट बहुतेक जर्मन असतात, ते जर्मनच बोलतात, तेव्हा जर्मन आवाज आणि खाली उपशीर्षके. इंग्रजी डबमध्ये क्रिमीतला विनोदी नट एडी आरेंट याचा विनोद पार सपाट होतो. आणि ज्यांना डबिंग म्हणजे कमअस्सल वाटते त्यांनी 'गोल्डफिंगर' पुन्हा ऐकावा: पडद्यावर फ्रोबे, आवाज मायकल कॉलिन्स या इंग्रज नटाचा.

उपशीर्षकांतही दोन जाती असतात. काही मूळ संवादांचे भाषांतर असतात. काही नुसता इंग्रजी डब उतरवून काढलेला असतो, मग जर्मनमध्ये तीन वाक्ये होतात आणि खाली एक येते. उपशीर्षके पहिल्यापासून ठराविक दोन सेकंद मागे असतील तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी पुढे-मागे करता येतात. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी शेवटी खूप मागे किंवा पुढे, असे असेल तर दुखणे वेगळे: वेगाचे. चित्रगृहात सेकंदाला २४ चौकटी पळतात, युरोपीय टीव्ही आणि डीव्हीडीवर २५. ९० मिनिटांत साडेतीन मिनिटांहून अधिक फरक पडतो, तो कळा दाबून जात नाही. त्याच वेगाची उपशीर्षके शोधावी लागतात.

याच हिशेबाने प्रत कापलेली आहे का तेही कळते. मूळ लांबी ९६ मिनिटे असेल तर युरोपीय डीव्हीडीवर ती ९२ दिसणार. त्यात काहीही कापलेले नाही, फक्त सगळे चार टक्के घाईत आहे आणि आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढा. ८४ दिसली तर मात्र कात्री लागली आहे. हे चित्रपट दोन-तीन देशांच्या भागीदारीत निघत आणि प्रत्येक देशाचा वितरक आपल्या सोयीने नाव, नायकाचे आडनाव, कधी प्रसंगांचा क्रमही बदलत असे. त्यामुळे एकच चित्रपट दोन नावांनी दोनदा विकत घेतला जातो. नावावर न जाता वर्ष, दिग्दर्शक आणि मिनिटे ताडून पाहावीत. दिग्दर्शकाचे इंग्रजी नावही खरे धरू नये, अँथनी एम. डॉसन म्हणजे आंतोनियो मार्गेरिती. तबकडी युरोपातून मागवणाऱ्यांनी तिच्यावरचा विभाग (रीजन) बघावा: डीव्हीडीत युरोप २ आणि भारत ५, ब्लू-रेत युरोप बी आणि भारत सी. इथला साधा प्लेअर ती नाकारतो.

टीव्हीबद्दल थोडक्यात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, शार्पनेस जवळजवळ शून्य, नॉइज रिडक्शन बंद, 'व्हिव्हिड' ऐवजी सिनेमा मोड. टेक्निस्कोपचा दाणा घासून काढला की चेहरे मेणाचे होतात. चित्र सरसकट गुलाबी दिसत असेल तर सेटिंग बदलून उपयोग नाही. ती प्रत जुन्या इस्टमनकलर फिल्मवरून घेतलेली असते, तिच्यातला निळसर रंग उडालेला असतो.

रंगांचे महत्त्व बघायचे तर फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलचा 'ल सामुराई', १९६७. सुरुवातीची जवळजवळ दहा मिनिटे कोणी बोलत नाही. राखाडी खोली, पिंजऱ्यात एक पक्षी, पलंगावर आडव्या पडलेल्या नायकाच्या, आलाँ देलाँच्या, सिगारेटचा धूर. मग तो रस्त्यावरच्या एका सित्रोएनमध्ये जाऊन बसतो, किल्ल्यांचा भलामोठा जुडगा शेजारच्या आसनावर ठेवतो आणि समोर बघत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, एकेक किल्ली लावून पाहतो. पावसाची काच, निळसर राखाडी उजेड, किल्लीचा आवाज. व्हिव्हिड मोडवर हीच गाडी नुसती निळी गाडी होते. आरंभी झळकणारे बुशिदोचे, म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेचे, वचन मेलव्हिलने स्वतः रचलेले आहे, हेही जाणकारांना गंमत म्हणून.

यातले सगळेच चांगले, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ इटालियन हेरपट मधल्या अर्ध्या तासात बसकण मारतात: विमानतळ, हॉटेल, नाइटक्लब, पुन्हा हॉटेल. जेरी कॉटन या एफबीआय एजंटच्या जर्मन मालिकेत नट जर्मनीतल्या स्टुडिओत आणि मागे पडद्यावर पळणारे न्यूयॉर्क, हे कोणत्याही प्रतीत लपत नाही. सुरुवात क्रिमीपासून करावी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्यांना तो घरचाच वाटेल. आल्फ्रेड फोररचा १९६१चा 'डी टोटेन आउगेन फॉन लंडन' घ्या: धुके, वारसा, विमा, थेम्समध्ये सापडणारी प्रेते, आणि काळा चष्मा लावलेला क्लाउस किन्स्की. मालिकेतल्या पुढच्या चित्रपटांच्या आरंभी गोळ्या झाडल्याचा आवाज येतो आणि फोररच सांगतो, 'हॅलो, एडगर वॉलेस बोलतोय.' वॉलेस १९३२मध्येच वारला होता. त्यानंतर १९६४चा बँकॉकमधला ओएसएस ११७, फ्रेंच आवाजात; मग इप्क्रेस, आणि सामुराई शेवटी.

पुरवणीला एक विनंती. पुढच्या वेळी अशा चित्रपटाचे नाव छापाल तेव्हा त्याखाली वर्ष, मूळ लांबी मिनिटांत, चित्राचे प्रमाण आणि लेखकाने कोणत्या भाषेतली प्रत पाहिली, एवढे द्यावे. एका ओळीत मावते.

आपला,
एक वाचक, पुणे ३०