हवाईत अडकलेली टीम

हिल्सबरो, ऑरेगन

प्रिय राजू,

परवा फोनवर तू म्हणालास, की कॉलेजची टीम बाहेरगावी न्यायची म्हटलं की आधी मॅच डोळ्यापुढे येत नाही, पोरांचे आईबाप येतात. तेव्हाच मला स्पेक कीन आठवले. सांगायला लागलो तोवर तुझी रेंज गेली. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

माझ्या घरापासून तासाभरावर सेलम आहे, ऑरेगनची राजधानी. तिथल्या कॅपिटॉलसमोरचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोरचा रस्ता ओलांडला की विलामेट युनिव्हर्सिटी. 1842 साली मेथडिस्ट मिशनऱ्यांनी काढलेली. नावात युनिव्हर्सिटी असली तरी जीव आपल्या तालुक्याच्या कॉलेजाएवढाच. कीन तिथले फुटबॉलचे कोच. फुटबॉल म्हणजे इथला हं, लांबट चेंडू काखेत मारून पळायचा. शाहू स्टेडियमवर कुणी असं केलं तर पब्लिक काय करेल ते तुला मी काय सांगू!

1941 चा सीझन विलामेटला झकास गेला होता. आठ जिंकल्या, एक हरली. त्याच जोरावर हवाईचं आमंत्रण आलं. पोरं बहुतेक आसपासच्या गावांतली, शेतावर नाहीतर लाकडाच्या गिरणीत राबलेल्यांच्या घरची. त्यांच्यासाठी समुद्रापलीकडची सहल म्हणजे लॉटरीच की. नोव्हेंबरअखेर सॅन फ्रान्सिस्कोहून ‘लर्लाइन’ बोटीने निघाले. त्याच बोटीवर सॅन होजे स्टेटचीही टीम होती. बेत असा, की दोघांनी हवाई युनिव्हर्सिटीशी एकेक मॅच खेळायची, मग आपसात एक, आणि नाताळाच्या सुमारास घरी. टीमबरोबर काही हौशी मंडळीही होती. त्यांत डग्लस मॅके हे राज्याचे सिनेटर आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी. हे मॅके पुढे ऑरेगनचे गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.

6 डिसेंबरला शनिवारी होनोलुलूत मॅच झाली. 24 हजारांच्या आसपास पब्लिक. विलामेट 20-6 ने हरली. डिसेंबरात सेलमला थंडी आणि पावसाची झिमझिम असते, तिथून उठून थेट त्या दमट उकाड्यात उतरायचं, म्हणजे निम्मी मॅच हवेनेच घेतली असणार, हे आपलं माझं मत. पण हरल्याचं दुःख किती राहणार? दुसऱ्या दिवशी बसने बेट बघायला जायचं ठरलेलं.

रविवारी सकाळी वायकिकीवरच्या मोआना हॉटेलपाशी पोरं बसची वाट बघत होती. लांब समुद्रात पाण्याचे लोट उडताना दिसले. कुणी म्हणालं देवमासे असतील, कुणी म्हणालं नौदलाचा सराव चाललाय. पर्ल हार्बर, अमेरिकेचा नौदल तळ, तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर. आठला पाच मिनिटं कमी असताना तिथे जपानचे बॉम्ब पडायला लागले होते. बस आलीच नाही.

आता तू कीनच्या जागी आहेस असं धर. अंगावर पंचवीस-तीस पोरं, परतीची बोट बेभरवशाची, त्याच दिवशी मार्शल लॉ लागलेला, रात्री दिवा लावायची चोरी, पत्रांवर सेन्सॉर. घरच्यांना पोरं जिवंत आहेत एवढं कळवायचीही सोय धड नाही. मॅचेस रद्द झाल्या हे वेगळं सांगायला नकोच. जपानी सैन्य आज रात्री किनाऱ्यावर उतरणार, उद्या उतरणार, अशा अफवा तर तासातासाला.

लष्कराला माणसं हवी होती आणि इथे तरणीबांड, हुकूम ऐकायची सवय असलेली आयती टीम बसलेली. आधी किनाऱ्यावर काटेरी तारा लावायच्या कामाला लावली. ज्या वाळूत लोळायला म्हणून आली होती, तिथेच. मग पुनाहू शाळेवर पहारा. हीच ती शाळा, जिथे पुढे बराक ओबामा शिकले. लष्कराच्या इंजिनिअर कोअरने ती ताब्यात घेतली होती. पोरांच्या हातात पहिल्या महायुद्धातल्या जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली दिल्या, डोक्यावर त्याच काळातली चपटी लोखंडी टोपी. मिट्ट काळोख, अनोळखी आवार, आणि हातात भरलेली बंदूक. गुन्हा काय, तर फुटबॉल बरा खेळतात! वर्तमानपत्रांनी नंतर याला शौर्य म्हटलं, म्हणू देत. मला मात्र त्या आठवड्यात कीन रात्री झोपत असतील का, एवढंच वाटत राहतं. सॅन होजेची पोरं होनोलुलूच्या पोलिसांत भरती झाली, आणि त्यांतली काही तिथेच राहिली. मॅकेंची मुलगी आणि बरोबरच्या बायका इस्पितळात मदतीला गेल्या.

या सगळ्यात मला सगळ्यात भावतो तो कीननी केलेला सौदा. ‘प्रेसिडेंट कूलिज’ नावाची आलिशान प्रवासी बोट जखमींना घेऊन अमेरिकेला निघणार होती. सव्वाशे जबर जखमी नौसैनिक, आणि त्यांना बघायला माणसं अपुरी. कीन म्हणाले, माझी पोरं शुश्रूषा करतील, त्यांना जागा द्या. जागा मिळाली, तीही पार खालच्या डेकवर. 19 डिसेंबरला घाईघाईत बोटीवर चढले.

त्या प्रवासाचं वाचताना अंगावर काटा येतो. रविवारच्या आगीत भाजलेली माणसं, वयाने यांच्याच बरोबरीची. त्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, धुवायचं-पुसायचं, रात्री कुणी ओरडत उठला की शेजारी बसायचं. ही कामं त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. वर पाणबुड्यांची धास्ती, म्हणून बोट अंधारात चाललेली. पाणबुडीने गाठलंच असतं, तर त्या सव्वाशे जणांना होड्यांपर्यंत उचलून न्यायला हेच दांडगे खांदे होते. कीनच्या हिशेबात तेही असणार.

25 डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. नेलेली सगळी पोरं परत आणली. कोचच्या रेकॉर्डमध्ये याचा रकाना नसतो. तिथे 1941 सालापुढे हवाईतला तो 20-6 चा पराभव तेवढा दिसतो.

एक गंमत सांगतो. इकडे ऑरेगनमधलीच दुसरी टीम, ऑरेगन स्टेट, त्या वर्षी ‘रोझ बोल’ या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या मॅचला पात्र ठरली होती. ही मॅच कॅलिफोर्नियात पासाडेनाला होते, पण पश्चिम किनाऱ्यावर हल्ल्याची भीती, म्हणून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला नेली. प्रतिस्पर्धी तिथलीच ड्यूक युनिव्हर्सिटी, म्हणजे ग्राऊंड त्यांचंच, गाव त्यांचंच. तरी ऑरेगनवाल्यांनी 20-16 ने मारली! पेठेतली टीम परक्या गावात जाऊन फायनल घेऊन आली तर आपल्याकडे रात्रभर हलगी थांबली नसती. आणि युद्ध संपल्यावर कीन याच ऑरेगन स्टेटला क्रीडा विभागाचे प्रमुख म्हणून गेले.

विलामेटची बरीच पोरं पुढे सैन्यात गेली. कॉलेजने 1997 मध्ये त्या अख्ख्या टीमला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तोवर खेळाडूंनी पंचाहत्तरी गाठली होती. ‘कूलिज’चं नशीब मात्र वाईट. ऑक्टोबर 1942 मध्ये पाच हजारांवर सैनिक घेऊन दक्षिण पॅसिफिकमधल्या एस्पिरितू सांतो बेटाच्या बंदरात शिरताना ती अमेरिकेच्याच पेरलेल्या सुरुंगांवर आदळली. माणसं जवळजवळ सगळी वाचली, दोघे गेले. आता डायव्हिंगवाले पैसे मोजून तिचा सांगाडा बघायला जातात.

पुढच्या उन्हाळ्यात येणार म्हणालास ते नक्की कर. सेलमला एक दिवस काढू. आणि येताना कांदा-लसूण मसाला आण, पण बॅगेत नीट बांध, मागच्या वेळी कस्टमवाल्याला शिंका आवरत नव्हत्या. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या