मदत द्या, चेहरा नको

शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांना मदत देतानाच्या छायाचित्रांना आक्षेप घेणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख पटला. आमच्या गावात गेल्या हिवाळ्यात एका संस्थेने अशा घरी शिलाई मशीन आणि किराणा दिला. मदत गरजेची होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण फोटोसाठी त्या माऊलीला तीनदा उभे केले, "पदर थोडा मागे घ्या" म्हणून सांगितले. नववीतला मुलगा शाळेच्या गणवेशात बाजूला मान खाली घालून उभा होता. मशीन घरात लागायच्या आत फोटो फेसबुकवर आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये तो होता. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही.

मूळ पोस्ट काढली तरी लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती राहतातच. हे पोर उद्या नोकरीला लागेल, त्याचे लग्न जुळेल, तेव्हाही हा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मदत घ्यायला हात पुढे केलेली आई "फोटो नको" कसे म्हणणार? देणगीदारांना हिशेब हवा असेल, तर सहीची पावती आहे, बँकेची नोंद आहे. फारच वाटले तर मशीनचा फोटो काढावा.

— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ