मंत्रिमहोदय, मुलांना वर्षातून एक दिवस रानात नेऊ द्या

माननीय वनमंत्री, गोवा राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या भागातल्या एका छोट्या निसर्गमंडळात गेली अकरा वर्षे स्वयंसेवक आहे. आमच्यात शास्त्रज्ञ कोणी नाही. दोघे शिक्षक, एक पोस्टातला, बाकीचे काजू बागायतदार. रविवारी शाळेतल्या मुलांना घेऊन रानात जायचे, हे आमचे मुख्य काम.

गेल्या थंडीत सातवीच्या मुलांना बांबरच्या निरंकाराच्या राईत नेले होते. देवाची राय म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. आत ओहोळाचे पाणी, काळा चिखल आणि जंगली जायफळाची उंच झाडे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती कमानीसारखी वर येतात, वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. एक मुलगी काठावर उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली आणि ओरडली, "सर, झाडाला ढोपरं आहेत!" मग सगळीच मुले ढोपरे मोजू लागली. गावातल्या एका आजींनी त्यांना सांगितले, की इथली वाळलेली काटकीसुद्धा आम्ही चुलीला नेत नाही. पिढ्यान् पिढ्या पाळलेला हा नियम मुलांना तिथे, त्या चिखलात उभे राहून कळला. वर्गात मी तो वीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवला होता. तसा तो कधीच पोचला नव्हता.

सगळे प्रश्न मात्र इतके सोपे नसतात. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले. त्यानंतर एका शाळेत एका मुलाने विचारले, "वाघाने आमची गाय मारली, तर पैसे कधी मिळणार?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्याच्या गोठ्यातले जनावर जाते, त्याला भरपाई वेळेवर मिळाली, तरच त्याच्या मुलाला आम्ही वाघाचे महत्त्व सांगू शकतो. नाहीतर आमचे बोलणे त्या घरात पोकळ वाटते, आणि त्यात त्या घराची चूक नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या डोंगरांवर वणवे पेटले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावे लागले. खाली उतारावर वनरक्षक आणि गावची माणसे हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होती. आम्हीही होतो. पाचोळा ओढून पट्टा मोकळा करायचा, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचा. वाट कुठून काढायची, झरा कुठे आहे, वारा कुठल्या खिंडीतून फिरेल, हे सगळे गावच्या जाणत्यांनी सांगितले. ते नसते तर आम्ही धुरात नुसते चाचपडलो असतो.

महोदय, म्हणूनच हे पत्र. गोव्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला वर्षातून एक दिवस आपल्या तालुक्यातल्या रानात, राईत किंवा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, नेण्याची सोय शिक्षण खात्याशी बोलून करा. बसचे भाडे सरकारने द्यावे. गरीब पालकांकडून वर्गणी मागताना आमची मान खाली जाते. मुलांना वाट दाखवणाऱ्या गावच्या आजी-आजोबांना मानधन द्या. त्यांच्या ज्ञानाला आजवर शाल आणि नारळ मिळाला, मजुरी कधी मिळाली नाही. आणि परवानगीचे काम लवकर व्हावे. एका सहलीसाठी आम्ही ऑक्टोबरात अर्ज दिला होता, होकार आला तो जूनमध्ये, धो धो पावसात. तोवर ती मुले पुढच्या शाळेत गेली होती.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा बांबरला जाणार आहोत. आपण यावे, ही मनापासून विनंती. व्यासपीठ, हारतुरे काही नसेल. चपला बाहेर काढाव्या लागतील, आणि ढोपरे कुठे आहेत ते आपल्याला मुलेच दाखवतील.

आपला नम्र,
सत्तरीतील एक स्वयंसेवक