तेराचा फॅक्टोरियल आणि गळालेला हातचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहते, बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर झालेय. गेल्या आठवड्यात भाची लॅपटॉप घेऊन आली, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, भंवरकुआंला कोचिंगपण लावलंय, तिनं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम लिहिला होता तो हौसेनं दाखवत होती. ५ चा १२०, १० चा ३६,२८,८००, १२ चा ४७,९०,०१,६००, सगळं बरोबर. मग १३ टाकले तर स्क्रीनवर आलं १९३२०५३५०४. मी म्हटलं बाळा हे चुकलंय. ती म्हणाली, "मावशी, एरर कुठे आलीये, कॉम्प्युटर कसा चुकेल?" म्हटलं अगं १ पासून १३ पर्यंत गुणताना मधे १० येतात ना, मग शेवटी शून्य यायलाच हवं, हे ४ वर कसं संपतंय? वही काढली, हातानं गुणलं, खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. पोरगी एकदम गप्प झाली आणि खरं सांगते मलाही बरं नाही वाटलं, कारण परीक्षेत तिनं तोच चुकीचा आकडा बिनधास्त लिहिला असता.

सी मधला इंट म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा ठराविक मापाचा डबा, बहुतेक मशीनवर ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. गुणाकार त्याच्यावर गेला की वरचा हातचा ठेवायला जागाच नसते, तो गळतो, आणि खाली जे उरलं तेच उत्तर म्हणून छापलं जातं. खऱ्या उत्तरातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, वजा करून बघा, स्क्रीनवरचा आकडा तंतोतंत येतो, आम्ही दोघींनी वहीत करून पाहिलं. मग भाचीनं इंटच्या जागी लाँग लाँग केलं, तो ६४ बिटांचा, तर २० पर्यंत नीट चाललं आणि २१ ला उत्तर चक्क मायनसमधे! सगळे प्लस आकडे गुणून मायनस, आणि तरी एका शब्दानं तक्रार नाही.

तोच प्रोग्रॅम पायथन या दुसऱ्या भाषेत केला. १०० टाकले तर १५८ आकडी उत्तर आलं, शेवटची २४ शून्यं मी बोट ठेवून मोजली, बरोबर होती. पायथन मोठ्या संख्येचे ३०-३० बिटांचे तुकडे करून ओळीनं मांडतं, एका तुकड्यातला हातचा पुढच्या तुकड्यात नेतं, जागा कमी पडली की नवा तुकडा जोडतं, म्हणजे आपण लहानपणी पाटीवर जे करायचो तेच. याला वेळ जास्त लागतो हे खरं, साधा ६४ बिटांचा गुणाकार प्रोसेसर एका फटक्यात करतो, म्हणून सी ला मी वाईट म्हणणार नाही. जावामधे मोठ्या संख्यांसाठी बिगइंटिजर वेगळं दिलंय पण ते आपण होऊन वापरावं लागतं, आणि स्विफ्टमधे साध्या बेरजेत आकडा डब्याबाहेर गेला तर प्रोग्रॅम तिथंच बंद पडतो. मला तेच पटतं, खोटं उत्तर देण्यापेक्षा थांबलेलं बरं.

जावास्क्रिप्टची मात्र धास्ती वाटते. तिथे साधी संख्या दशांशवाल्या पद्धतीनं साठवतात, तिच्यात मोजकेच आकडे नेमके राहतात, त्यामुळे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ मधे १ मिळवला तर उत्तर तेच राहतं, एक कुठे गेला पत्ता नाही. २०२० पासून आकड्याच्या शेवटी एन लावून बिगइंट मिळतो, पण तो मुलांना कोण सांगतं? आणि हे फक्त प्रोग्रॅमरचं दुखणं नाहीये. एक्सेलपण १५ आकडेच धरून ठेवतं. आमच्या ओळखीच्या एका मंडळानं शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या बँक खात्यांची यादी एक्सेलमधे केली, खाते नंबर सोळा आकडी होते, सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसला, पैसे परत आले आणि मुलं फी भरायची म्हणून वाट बघत बसली. तो कॉलम आधीच टेक्स्ट करून घेतला असता तर काहीच झालं नसतं.

४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं, तेही ह्याच प्रकारानं, ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या डब्यात, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, तिथे कोंबला म्हणून. प्रोग्रॅम जुन्या एरियन ४ चा होता, त्या रॉकेटच्या वेगाला तो डबा पुरत होता. गंमत नाही ही, त्यात ॲडा भाषेनं एरर दिली होती, पण ती सांभाळायची सोयच त्या जागी ठेवली नव्हती.

माझी इथल्या कॉलेजच्या आणि कोचिंगच्या सरांना, मॅडमना कळकळीची विनंती आहे, ज्या दिवशी इंट शिकवाल त्याच दिवशी लॅबमधे मुलांना १३ चा फॅक्टोरियल काढायला लावा आणि शेजारी वहीत हातानं करायला लावा, अर्धा तास पुरेल. आणि आपल्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी यावर थोडी जागा द्याल तर मी आनंदानं लिहून देईन, वहीतल्या वजाबाकीसकट.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
रामबाग, इंदूर