सूचना : वारसा दर्जाच्या सुनावणीआधी रविवारी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या वस्तीतल्या जुन्या इमारतींना वारसा दर्जा मिळावा म्हणून केलेला अर्ज आता सुनावणीला येतो आहे. तयारीसाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या सभागृहात बैठक आहे. घरटी एक जण तरी यावाच.

• जुने फोटो, नकाशे, बांधकामाची कागदपत्रे आणा. मूळ प्रत घरीच ठेवा, झेरॉक्स द्या.
• नवे फोटो जवळून काढा : चौकटीवर कोरलेलं साल, कठड्याची नक्षी, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या. नुसता समोरून काढलेला फोटो पुरत नाही.
• मालकांनी आवर्जून यावे. दर्जा मिळाल्यावर दर्शनी भाग बदलायला सहसा परवानगी लागते. मनातली शंका सुनावणीत नको, इथेच बोलू.

‘एवढी घाई कशाला’ असं काही जण विचारतात. न्यूयॉर्कच्या पेन रेल्वे स्टेशनची जुनी इमारत १९६३ मध्ये पाडायला घेतली, जतनाचा कायदा आला १९६५ मध्ये. ती इमारत गेलीच. तिथलंच दुसरं स्टेशन, ग्रँड सेंट्रल, मात्र त्याच कायद्याने वाचलं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला.

सुनावणीत बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावे.

– कार्यकारिणी