त्या रात्री बाकड्यावर बसलेल्या मावशी आणि बाकी सगळ्यांना थँक्यू

नावं विचारायची राहूनच गेली म्हणून इथेच लिहितोय. पप्पा आयसीयूत होते, मी बाहेर बाकड्यावर, आणि खरं सांगू का, प्रार्थना करायचं मी तेव्हा जवळजवळ सोडलंच होतं, ऐकणारं कोणी आहे का हाच डाउट. शेजारच्या मावशींनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला, आणि "विश्वास ठेव रे बाळा" वगैरे काही न बोलता हळदीचे डाग पडलेलं त्यांचं बायबल माझ्या मांडीवर ठेवलं. मार्क 9:24, म्हणजे मार्कच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायाचं चोविसावं वचन. आजारी मुलाचा बाप एकाच दमात म्हणतो की विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालवायला मदत कर, आणि येशू त्याला हाकलत नाही, पोराला बरं करतो. मग दाविद राजाचं स्तोत्र 13 दाखवलं, पहिल्या दोनच वचनांत देवाला चार वेळा 'किती वेळ' असं विचारलंय! दाविदाला चालतं तर मला का नाही, म्हटलं. तेवढंच म्हणून प्रार्थना केली, शंकेसकट.

रक्तासाठी धावलेल्या त्या दोन पोरांना आणि फुकट घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्या दादांनाही मनापासून थँक्यू. पप्पा अजून चालताना धाप टाकतात. मावशी, थर्मासचं झाकण माझ्याच बॅगेत राहिलंय हो.