पॅरिस सहल : किराणा आणि बाजारहाटाची सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. पॅरिसमध्ये आपण स्वयंपाकघर असलेल्या घरांत उतरणार आहोत, तेव्हा दूध-भाजी ज्याची त्यानेच आणायची आहे. मोनोप्री, फ्रांप्री, कारफूर ही दुकानं जवळपास सापडतील. रविवारी बरीच दुकानं दुपारी बंद होतात, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवा. कापडी पिशवी सोबत असू द्या; गल्ल्यावर फुकट मिळत नाही.

दुकानात शिरताना ‘बाँझूर’ (फ्रेंच ‘नमस्कार’) म्हणायचंच. एकदम भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. आणि मंडईत टोमॅटो दाबून बघायची सवय कृपया इथेच ठेवा! किती हवेत ते सांगा, विक्रेताच निवडून देतो. आज खायचेत की उद्या, हेही विचारतो. काही मोठ्या दुकानांत मात्र फळं स्वतः तोलून लेबल चिकटवावं लागतं. विसरलात तर मागची रांग खोळंबते.

शाकाहारी मंडळींनी गोड पदार्थांच्या डब्यावर ‘जेलातीन’ (gélatine, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ) लिहिलंय का ते बघावं.

घरून तूप, पेढे, बर्फी आणू नका. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे. तूरडाळ, कढीपत्ता गार द्यु नोर रेल्वे स्टेशनजवळच्या ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ दुकानांत मिळतो.